एकवीस, चौदा, सात

माझ्या उजव्या हाताची दोन बोटं पिवळी आहेत.
हळदीनं, म्हणायचो मी. तीस वर्षं
सांगलीच्या यार्डात हळकुंड मोडून वास घेणारा माणूस,
त्याला कोण विचारणार, कुठला पिवळा?
पुष्पाही विचारायची नाही.
हुंगायची.

मग फाल्गुनातल्या एका सौद्यात
राजापुरीची चाळीस पोती मी पास केली.
आत बुरशी होती.
नव्या पोऱ्याला दारातूनच कळली,
मला नाक खुपसून कळली नाही.
शेठ काही बोलले नाहीत. चहा मागवला,
आणि माझ्या खिशातल्या पाकिटाकडे बघत बसले
चहावर साय धरेपर्यंत.

मुल्लांच्या मेडिकलात रेहाना
काउंटरवर तीन डबे मांडते.
"मोठी पट्टी सहा आठवडे, मग मधली, मग धाकटी.
रोज सकाळी नवी, रोज नवी जागा.
केस नसतील तिथं लावा."
मी टोपी काढतो.
"डोक्यावर नको, काका."

आणि अगदीच अडलं तर ही गोळी.
बकरीसारखी चघळायची नाही.
दोनदा चावायची, झणझणली की
गालात दाबून ठेवायची,
उधारी मागायला आलेल्याला बाकावर बसवून ठेवतात तशी.
वर चहा नाही. आधी पंधरा मिनिटंही नाही.
चहा नाही!
त्यापेक्षा सिगरेट सुटेल, म्हटलं.
"तेच तर," रेहाना म्हणाली.

पट्टी आपण झोपलो तरी जागी असते.
चौथ्या रात्री आयर्विन पुलावरून
पोती चालत निघाली, स्वतःच्या पायांनी, रांगेनं,
आणि प्रत्येक पोतं माझ्याजवळ थांबून
काडी मागत होतं.
त्यानंतर रात्री काढून ठेवू लागलो.

नवव्या दिवशी पुष्पावर ओरडलो,
कढईच्या झाकणावरून.
झाकण बरोबर होतं.

तेविसाव्या दिवशी श्रीपालच्या टपरीमागे
एक ओढली.
दंडावर पट्टी आणि ओठात आग,
एकाच घरात पुढच्या-मागच्या दोन्ही दारांनी
पाहुणे शिरावेत तसं झालं.
भोवळ, घाम, तोंडाला पाणी.
श्रीपालनं स्टूल दिलं
आणि काडेपेटी परत घेतली.
रेहाना रागवेल वाटलं होतं.
ती म्हणाली, "उद्याची उद्या लावा. चुकवू नका."

आमचे आबा हरिपुरात पेवं उघडायचे.
जमिनीच्या पोटात वीस हात खोल
वर्ष वर्ष मिटून पडलेली हळद.
झाकण काढलं की लगेच उतरायचं नाही,
आत हवा नसते, माणूस दोरावरच जातो.
आधी तोंड उघडं ठेवायचं, दिवसभर.
मग कंदील सोडायचा,
जरा, आणखी जरा.
ज्योत बारीक झाली की वर ओढायचा.
पुन्हा थांबायचं. पुन्हा सोडायचा.
लोक म्हणायचे, भित्रा आहे.
आबा ऐंशी ओलांडून, अंथरुणात, झोपेत गेले.

एकवीस. चौदा.
मी दोरी सोडतोय.

वास परत आला तो हळदीचा नव्हता.
आधी कपाटातला माझाच स्वेटर आला,
दारातून बाहेर ढकलणारा.
मग गटार, मग शेजारचे बोंबील,
मग पुष्पाच्या केसांतलं माक्याचं तेल.
"हे कधीपासून लावतेस?"
"अकरा वर्षं," ती म्हणाली,
आणि कणीक मळत राहिली.

आज मधल्या पट्टीचा पाचवा दिवस.
सौद्यात एक हळकुंड मोडलं, नाकाशी नेलं.
काहीतरी आलं.
वास आला की नुसता आठवला,
मला अजून सांगता येत नाही.
पोऱ्याकडे दिलं, "तू बघ."
तो हुंगत उभा राहिला, बराच वेळ.
मी खिशात हात घातला. गोळी.
दोनदा चावली,
गालात ठेवली.